आमच्या वॉर्डात इंग्रजीचा दुसरा नंबर

चहाच्या खोलीत किटली लावायची आणि पाणी उकळेपर्यंत कोणीतरी काहीतरी सांगायचं, अशी आमच्या वॉर्डात पद्धतच पडून गेलीय. त्यामुळे झालंय काय, की चहा कमी आणि किस्से जास्त! मागच्या दिवाळीत कॉव्हेंट्रीला मैत्रिणीकडे गेले होते, तिथे फराळ करता करता दोन-तीन सांगितले. तर सगळ्या मागेच लागल्या, "अगं, हे लिहून का नाही ठेवत?" म्हणून लिहितेय.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची नागपूरची, आता एडिनबराची. आमचा वॉर्ड म्हणजे स्ट्रोक झालेली, पडून हाड मोडलेली वयस्कर माणसं. त्यांना पुन्हा उभं करायचं, चालवायचं, आणि घरी पाठवायचं. इथे माझी सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणजे इन्मा. दक्षिण स्पेनमधली नर्स. उंचीने माझ्याएवढीच, आवाजाने माझ्या तिप्पट! तिच्याशिवाय अजून दोघी-तिघी स्पॅनिश नर्सेस आहेत, आणि आंद्रेस नावाचा कोलंबियाचा पोर्टर आहे, जो पेशंटना खुर्चीवरून इकडून तिकडे नेतो. या सगळ्यांवर आमची चार्ज नर्स मोराग. स्कॉटलंडच्या पार वायव्येला असलेल्या लुईस बेटावरची. ती कमी बोलते. पण बोलली की वॉर्ड ऐकतो.

०

इन्मा नवीन होती तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे शहा नावाचे एक गुजराती गृहस्थ होते, खुब्याचं ऑपरेशन झालेले. मी त्यांना काका म्हणायचे. त्या दिवशी काका काही केल्या खुर्चीतून उठायला तयार नव्हते. मी आपली पडद्याआड जोर लावून, "काका! चला काका! काका, आता उठायचंच! काका, लवकर!"

एवढ्यात पडदा फाटकन बाजूला झाला आणि इन्मा धावत कमोडची खुर्ची घेऊन आत! चाकं नुसती किंचाळत होती.

"आले, आले! थांबवा त्यांना!"

काका त्या खुर्चीकडे बघतायत, मी इन्माकडे. मग उलगडा झाला. स्पॅनिशमध्ये 'काका' म्हणजे लहान मुलं जी करतात ती शी!

मी काकांना ते समजावून सांगितलं. काका गंभीर झाले. थोडा वेळ विचार केला, आणि एका दमात, कुणाचाही हात न धरता उठून उभे राहिले.

"आजपासून," ते म्हणाले, "मला मिस्टर शहा म्हणायचं!"

०

इंग्रजीची परीक्षा आम्ही दोघींनीही चांगल्या मार्कांनी पास केलेली. पण ती परीक्षा इंग्रजीची होती, एडिनबराच्या म्हाताऱ्यांची नव्हती!

पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी इन्माला "हेन" म्हणून हाक मारली. ती तडक मोरागकडे. "त्यांनी मला कोंबडी म्हटलं!"

मोराग म्हणाली, "नशीबवान आहेस. मला अजून सिस्टरच म्हणतात."

इथे प्रेमाने बाईला 'हेन' म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तेच आजोबा दोन दिवसांनी म्हणाले, "घरी गेलो की पहिल्यांदा मेसेजेस आणायला जाणार." इन्माने लगबगीने त्यांचा फोन शोधला, चार्जिंगला लावला आणि हातात आणून दिला. आजोबांनी फोन उलटा केला, सुलटा केला.

"हेन," ते म्हणाले, "याच्यात बटाटे कुठायत?"

स्कॉटलंडमध्ये मेसेजेस म्हणजे वाणसामान!

०

आता तो चहाच्या खोलीतला प्रसिद्ध वाद. अमेरिकेत स्पॅनिश एक दिवस इंग्रजीला मागे टाकेल का? हा विषय कुठून निघाला आठवत नाही. आंद्रेसने रेडिओवर काहीतरी ऐकलं होतं बहुतेक. पण निघाला तो निघालाच. बरेच आठवडे पुरला.

आंद्रेसचं म्हणणं, टाकणारच. त्याची मावशी फ्लोरिडात राहते. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही आणि आजवर कधी अडलं नाही. बँक स्पॅनिशमध्ये, डॉक्टर स्पॅनिशमध्ये, भांडणं तर स्पॅनिशमध्येच!

"आणि मावशीची नातवंडं?" मी विचारलं.

आंद्रेसने कपात उगाच चमचा फिरवला. "मावशी स्पॅनिशमध्ये बोलते. ती इंग्रजीत उत्तर देतात."

मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. कारण आमच्या घरी हेच चालतं. मी मराठीत विचारते, "जेवलीस का?" आणि माझी नऊ वर्षांची इरा म्हणते, "येस मम." माणसं बोटीने येवोत नाहीतर विमानाने, देशाची भाषा बदलायची की नाही हे शेवटी जेवणाच्या टेबलावर ठरतं, असं मी म्हणाले. इन्माने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. तिचा मुलगा तेव्हा जेमतेम बोलायला लागला होता, आणि त्याचा पहिला शब्द 'मामा', म्हणजे स्पॅनिशमधली आई, नसून इंग्रजी 'बस' होता. एडिनबराच्या रस्त्यांवरची बस!

सगळेच गंभीर झाले. तेव्हा मोराग कप विसळत म्हणाली, "तुम्ही उगाच काळजी करताय. स्पॅनिशने इंग्रजीला हरवायला आधी लोकांना इंग्रजी यायला पाहिजे. ग्लासगोत जाऊन बघा. तिथे अजून पहिल्या नंबरावर काय आहे ते कोणालाच कळलेलं नाही!"

०

पण त्या वादाचा एक फायदा झाला. इन्मा म्हणाली, आपण दोघी मिळून काहीतरी करू. तेव्हापासून दर शनिवारी ती आणि तिचं पिल्लू आमच्याकडे येतात. ती इराला स्पॅनिश शिकवते, शाळेत तिला तेच आहे म्हणून. मी इन्माशी मराठी बोलते, कारण तिलाच हौस!

एकदा इरा नागपूरच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. "आजी, तू कसा आहेस?"

मागून, कांदा चिरता चिरता, स्पेनहून आलेला आवाज: "आजी क-शी!"

इरा वळून म्हणाली, "हाऊ डू यू नो?"

"आजी बाई आहे ना? मग कशी!" इन्मा म्हणाली. "आमच्याकडे पण टेबल बाई आहे, चमचा बाई आहे. मला सवय आहे."

मी म्हटलं, अगं, आमच्याकडे चमचा पुरुष. आणि टेबल ना बाई ना पुरुष. ते टेबल!

इन्माने सुरी खाली ठेवली. "तीन-तीन?" ती म्हणाली. "तुमच्याकडे माणसं कमी पडली म्हणून फर्निचरची लग्नं लावता की काय?"

०

मग माझे सासू-सासरे आले. दोघंही पहिल्यांदाच इथे. त्या शनिवारी इन्मा जेवायला होती. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भरीत-भाकरीचा बेत केलेला. स्वयंपाकघरातून त्यांचं अखंड चालू: "अहो, ताटं घ्या! अहो, पाणी भरा! अहो, ऐकू येतंय ना? अहो!"

इन्मा माझ्या कानाशी लागली. "एक विचारू? तुझ्या सासूबाई त्यांना सारखं 'लसूण, लसूण' का म्हणतायत?"

स्पॅनिशमध्ये लसणीला म्हणतात 'आहो'!

मला कळेना, बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, हे सांगावं की नाही. सांगितलं. बाबा म्हणजे बँकेतून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. ते भाकरी मोडता मोडता थांबले, आणि आईंकडे बघून म्हणाले, "पाहिलं? माझ्याशिवाय फोडणी नाही!"

आई इतक्या लाजल्या की भरीत वाढायचं राहूनच गेलं.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. परत जायला थोडे दिवस राहिले असताना बाबा आमच्या बिल्डिंगच्या ओल्या दगडी पायऱ्यांवरून पडले. खुबा मोडला. आयुष्यभर दुसऱ्यांचे खुबे बघणारी मी, पण घरातला माणूस स्ट्रेचरवर बघितला तेव्हा त्याच्यामागे नुसती धावत सुटले. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलमध्ये, दुसऱ्या वॉर्डात झालं. ते नीट झालं, पण भूल उतरल्यावर बाबांची इंग्रजी कुठेतरी गेली. रोज सकाळी इंग्रजी शब्दकोडं सोडवणारा माणूस! नर्स विचारायची, दुखतंय का, किती दुखतंय, आणि बाबा नुसते डोळे मिटून पडायचे. नर्सेसना वाटलं बरंच आहे, शांत झोपलेत.

मी तेव्हा इराला शाळेतून आणायला गेले होते. आई बाबांजवळ होत्या, पण त्या घाबरून गेलेल्या, कोणाशी काय बोलावं सुचेना. इन्मा आपली शिफ्ट संपवून, तशीच युनिफॉर्मवर, तिथे गेली. मला पेशंटच्या पायाला हात लावताना आधी मराठीत पुटपुटायची सवय आहे. ते तिने रोज ऐकलेलं. तिने खुर्ची ओढली, बाबांचा हात हातात घेतला आणि विचारलं,

"अहो, दुखतंय का?"

बाबांनी डोळे उघडले. म्हणाले, "खूप दुखतंय गं पोरी."

आणि रडले. बाबांना रडताना आईंनीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. इन्माने तिथल्या नर्सला बोलावलं, औषध वाढवून घेतलं, आणि बाबांचा चेहरा सैल होईपर्यंत हात सोडला नाही. तिचं स्वतःचं पिल्लू तिकडे नर्सरीत वाट बघत होतं. नवऱ्याला फोन करून त्याला आणायला पाठवलं आणि ती बसून राहिली.

मी तिचे आभार कसे मानायचे? स्पॅनिशमध्ये, इंग्रजीत, मराठीत, तिन्हीत मानून झाले. कमीच पडले.

आईंनी त्या संध्याकाळी मला बाजूला घेतलं. "तुझ्या मैत्रिणीने फार केलं हो. सख्खी लेक करणार नाही इतकं केलं." मग जरा घुटमळल्या. "फक्त तिला एक सांग. यांना 'बाबा' म्हण म्हणावं. 'अहो' मी म्हणते!"

०

सगळे दिवस असे नसतात. एकदा इन्मा आणि आंद्रेस लिफ्टजवळ उभे राहून आपसात बोलत होते. पेशंटसमोर इंग्रजीच बोलायचं हा आमचा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. पण ते दोघं ब्रेकवर होते. एका पेशंटचा मुलगा भेटायला आला होता. तो जाता जाता थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "इथे राहायचं तर आमची भाषा बोला!"

इन्माचा चेहरा उतरला. आंद्रेस बुटांकडे बघत राहिला. मी मध्ये पडणार, तेवढ्यात मोराग आली. ती त्या माणसासमोर उभी राहिली, हात पाठीमागे बांधले, आणि अगदी शांतपणे, लांबलचक काहीतरी बोलली. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. त्यालाही नाही.

"काय?" तो म्हणाला.

"गेलिक," मोराग म्हणाली. "माझी भाषा. या देशात तुमच्या भाषेच्या आधीपासून आहे. माझ्या आजीला ही शाळेत बोलली म्हणून छड्या बसायच्या. शाळेत जाईपर्यंत मला इंग्रजी येत नव्हती. आता सांगा, 'आमची भाषा' म्हणजे यातली कुठली म्हणालात?"

तो लाल झाला आणि निघून गेला. पण पुढच्या वेळी आला तेव्हा इन्माच्या समोर थांबला. "गुड मॉर्निंग" म्हणाला. हळूच, पण म्हणाला. आणि त्याच्या वडिलांना घरी सोडलं तेव्हा त्याने आम्हा सगळ्यांना दिलेल्या बिस्किटांच्या डब्यावर पहिलं नाव इन्माचं होतं.

त्या दिवशी चहाच्या खोलीत मी मोरागला विचारलं, "एवढं लांबलचक त्याला बोललीस काय? शिव्या होत्या का?"

"छे," मोराग म्हणाली. "व्हिजिटिंग अवर्स सांगितले."

०

आणि आता मॅक्रे.

मिस्टर मॅक्रे म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलंड्समधले धिप्पाड म्हातारे. स्ट्रोकने उजवी बाजू गेलेली आणि वाचा पूर्ण बंद. त्यांची बायको जीन रोज यायची. लहानखुरी, नीटनेटकी, कोटाची सगळी बटणं लावलेली. ती त्यांच्याशी इंग्रजीत बोलत राहायची आणि ते तिच्याकडे असे बघायचे, जणू ती काचेपलीकडे उभी आहे.

एक दिवस मी आणि इन्मा त्यांना दोन बाजूंनी धरून उभं करत होतो. त्यांचा पाय जरा सरकला, आणि इतके दिवस गप्प असलेला तो माणूस गरजला, "कुइदादो!" त्याच्या मागोमाग अजून एक शब्द.

इन्मा जागच्या जागी थिजली. पहिल्या शब्दाचा अर्थ 'सांभाळून'. दुसरा मी इथे लिहीत नाही. मला सांगतानाही ती आधी हसली, मग रडायला लागली.

जीनला विचारलं. ती म्हणाली, "तरुणपणी अर्जेंटिनाच्या पार दक्षिणेला होता तो, मेंढ्यांच्या फार्मवर. आमच्या लग्नाआधी. इथून बरीच मुलं जायची तेव्हा. पण घरी तो स्पॅनिशचा एक शब्द कधी बोलला नाही."

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. एक भाषा परत येते, दुसरी येत नाही. दुसरी येईल का? सांगता येत नाही.

मग काय, मॅक्रे बोलायला लागले! इन्माशी, आंद्रेसशी. मोडकंतोडकं, पण बोलायचे. बर्फाबद्दल, घोड्यांबद्दल, कुठल्याशा कुत्र्याबद्दल. हसायचेसुद्धा. आणि जीन बाजूच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसलेली असायची. नवरा परत आला होता, पण तिच्याकडे नाही.

एका दुपारी तिने इन्माची बाही धरली. "मला शिकव."

त्या वयात! इन्मा तिला ब्रेकमध्ये शिकवायची, आंद्रेस लिफ्टमध्ये, चहाची ट्रॉली आणणारी बाई पण दोन शब्द शिकून तिच्याबरोबर सराव करायची. मोराग 'ब्युएनोस दियास', म्हणजे गुड मॉर्निंग, म्हणत राउंडला यायला लागली. मी नागपुरी स्पॅनिशमध्ये त्यांना चालवायचे: "देस्पासियो, देस्पासियो." म्हणजे सावकाश, सावकाश. आमच्या त्या खोलीपुरता तरी आंद्रेस तो वाद जिंकला होता.

जीनच्या चुका अशा की विचारू नका! स्पॅनिशमध्ये भूक म्हणजे 'आंब्रे' आणि पुरुष म्हणजे 'ओंब्रे', तर 'भूक लागली का' ऐवजी तिने एकदा विचारलं, 'तुझ्याकडे पुरुष आहे का?' मॅक्रेंनी खोलीभर नजर फिरवली आणि गंभीरपणे मान हलवली. नाही. पण ती थांबली नाही. रोज यायची. बागेतलं, शेजारच्यांचं, मुलीच्या फोनचं, सगळं त्या अडखळत्या भाषेत सांगायची. आणि ते तिच्याकडे बघायचे. मधली काच गेली होती.

असे बरेच आठवडे गेले. एक दिवस मी त्यांच्या शेजारच्या पेशंटचा गुडघा वाकवत होते. जीन खिडकीशी बसून नवऱ्याला काहीतरी मोठी गोष्ट सांगत होती. प्रत्येक क्रियापद चुकीचं. इन्मा मागे उभी राहून ओठ दाबून हसू आवरत होती. मॅक्रे डोळे मिटून ऐकत होते. कपाळावर आठ्या.

मग त्यांनी डोळे उघडले आणि स्वच्छ हायलंडच्या इंग्रजीत म्हणाले,

"जीन, युअर स्पॅनिश इज टेरिबल."

चहाची ट्रॉली थांबली. मी तो गुडघा तसाच हातात धरून राहिले.

जीनने कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"परत म्हण," ती म्हणाली. "अजून एकदा म्हण."

आणि ते परत म्हणाले.